फुलं ऋतूची, मांडणी मातीत मिसळणारी: आमच्या फुलकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात फुलकाम करतो. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, गौरी-गणपती, ऑफिसचे कार्यक्रम आणि दर आठवड्याला घरपोच फुलदाणीची फुलं. आमच्याकडे दांडे खुपसायचा हिरवा फोम नाही, रंगवलेली फुलं नाहीत आणि एकच फूल बारा महिने मिळेल असं आश्वासनही नाही. या तीन नकारांमुळे प्रश्न बरेच येतात, आणि लग्नाची बोलणी अर्ध्यात आली असताना तर हमखास येतात. म्हणून उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

'नैसर्गिक' पुष्परचना म्हणजे काय? फुलं तर सगळीच नैसर्गिक असतात ना?

असतात, पण आपण त्यांना तसं राहू देत नाही. बाजारातला नेहमीचा बुके बघा. वीस गुलाब एका उंचीचे, एकाच फुगवट्याचे, मधे जिप्सोच्या बारीक पांढऱ्या फुलांचा फेस, भोवती चकाकता कागद. त्यातलं एकही फूल झाडावर तसं उभं नव्हतं. शेवंतीचा दांडा उजेडाच्या दिशेने वळतो, डाळिंबाची फांदी फळाच्या वजनाने वाकते, गोकर्णीचा वेल आधार दिसेल तिकडे जातो. आमच्या कामाची सुरुवात या वळणांपासून होते. वाकडी काडी हाती आली तर ती आम्ही बाजूला टाकत नाही, तिला आधी जागा देतो आणि बाकीची फुलं तिच्या कलाने लावतो.

रचनेत आम्ही मोकळी जागाही ठेवतो. 'अजून थोडी फुलं घाला की, मधे रिकामं दिसतंय' असं ऐकू येतं, पण त्या रिकाम्या जागेमुळेच मागची फांदी दिसत असते. आणि कळी, उमललेलं फूल, उतरणीला लागलेलं फूल, बोंड हे सगळं एकाच रचनेत असलं तर आम्हाला आवडतं. सगळी फुलं एकाच वयाची असली की बघायला काही उरत नाही.

फोम का वापरत नाही? तो तर पाण्यात विरघळतो म्हणतात.

विरघळत नाही, त्याचा चुरा होतो. हिरवी वीट पाण्यात बुडवायची, तिने पाणी शोषलं की दांडे खुपसायचे, ही सोय १९५४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात व्हर्नन स्मिदर्स यांनी आणली आणि जगभरच्या फुलवाल्यांचं काम सोपं झालं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ही वीट फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनलेलं प्लास्टिक आहे. बोटाने दाबली तरी तिची भुकटी होते, आणि कार्यक्रम संपल्यावर बादलीतलं हिरवं पाणी मोरीत ओतलं की ती भुकटी नदीकडे निघते. मेलबर्नच्या आर. एम. आय. टी. विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की पाण्यातले लहान जीव हे कण गिळतात आणि त्यातून झिरपणारी रसायनंही त्यांना बाधतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला बंदी केली.

'बायो' असं लिहिलेल्या विटाही आता मिळतात. त्या किती दिवसांत आणि कशा परिस्थितीत कुजतात हे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आम्ही त्यांच्या वाटेला जात नाही. फोमवाचून काम होतं, मग त्याचा पर्याय तरी विकत कशाला आणायचा?

मग फुलं उभी कशात राहतात?

आमचा सगळ्यात लाडका आधार म्हणजे केळीचा खुंट. घड उतरवला की केळ तोडावीच लागते, त्यामुळे खुंटासाठी वेगळं झाड मारावं लागत नाही. हातभर तुकडा आडवा कापला की आत सोपटांचे थर दिसतात आणि प्रत्येक थरात ओलसर कप्प्यांची जाळी. निशिगंधाची काडी किंवा अष्टरचा दांडा तिरपा कापून त्यात खुपसला की घट्ट बसतो. दांडा मऊ असेल तर आधी खराट्याच्या हिराने भोक पाडायचं. बाजारातल्या झेंडूला दांडा नसतोच, तो हिरात ओवून टोचायचा. ही युक्ती आमची नव्हे. पूजेच्या मांडणीत केळीच्या खुंटाला हिराने फुलं टोचणारे हात कोकणात आणि खाली दक्षिणेत पुष्कळ आहेत, आम्ही ती मांडणी टेबलावर आणली इतकंच. खुंट एक दिवस उत्तम काम देतो, दुसऱ्या दिवशी कापलेल्या कडा काळ्या पडू लागतात. आणि त्याचा चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही. आम्ही कर्दळीच्या पानांनी कडा झाकतो, तरी पैठणी नेसून खुंटाला टेकू नका.

जास्त दिवस टिकवायच्या रचनेसाठी पितळी घंगाळ किंवा मातीचं पसरट भांडं घेतो आणि खुराड्याला लावतात तसली षटकोनी तारेची जाळी सैल चुरगाळून आत बसवतो. जाळीचे दोन-तीन थर एकावर एक आले की दांडा कुठल्याही कोनात उभा राहतो आणि त्याचं टोक थेट पाण्यात असतं. हीच जाळी वर्षानुवर्षं वापरता येते. कॉन्स्टन्स स्प्राय नावाची इंग्लिश पुष्परचनाकार अशाच जाळीवर काम करायची. १९५३ च्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या फुलांचं काम करणाऱ्या या बाईने केल या पालेभाजीची पानं आणि कुंपणाकडेच्या रानवेली फुलदाणीत आणल्या, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. शेपूची फुलं फुलदाणीत दिसली की आजही कुणीतरी 'ही भाजी कशाला?' असं विचारतं, तेव्हा आम्हाला तिची आठवण होते.

छोट्या रचनांना केंझान, म्हणजे जपानी इकेबानात वापरतात ती पितळी खिळ्यांची जड चकती. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. मांडवाच्या खांबांवर बांबूची नळकांडी बांधतो. बांबूचं पेर मुळातच बंद असतं, त्यामुळे पेराच्या खाली कापलं की आपोआप पाण्याचा पेला तयार होतो. काथ्याने तो हव्या त्या उंचीवर बांधता येतो. उंच बरणी असेल तर यातलं काहीच लागत नाही. चार डहाळ्या एकमेकींत अडकवल्या की फुलांना त्यांचाच आधार.

कोणत्या दिवसांत कोणती फुलं मिळतात?

चैत्र-वैशाखात पुण्यात उन्हाची काहिली असते आणि गुलाब दुपारपर्यंत मान टाकतो. पण हाच मोगऱ्याचा आणि सोनचाफ्याचा काळ. बहावा आणि ताम्हण याच सुमाराला फुलतात. ताम्हण आपलं राज्यफूल, तरी रस्त्याकडेला त्याच्या जांभळ्या झुबक्यांखालून जाणाऱ्या कितीजणांना ते ठाऊक असतं कोण जाणे. रस्त्यावरच्या झाडाला आम्ही हात लावत नाही, ज्यांच्या आवारात ताम्हण आहे अशा ओळखीच्या घरून छाटणीच्या वेळी फांद्या घेतो. उन्हाळ्याच्या रचनेत फुलं कमी ठेवतो आणि पानं, कैऱ्यांचे घोस, पाण्यात तरंगणाऱ्या पाकळ्या जास्त.

पावसाळ्यात बाजारातली फुलं भिजून येतात, पाकळीवर डाग पडतात, टिकतही कमी. अशा वेळी शेतबांधावरचं आणि परसातलं सामान कामी येतं: सोनटक्का, तेरडा, कर्दळ, जाई-जुई, अनंत. हळदीचं फूल बघितलंय का कधी? हिरवट पांढऱ्या कणसासारखं असतं, वरच्या टोकाला गुलाबी छटा, आणि फुलदाणीत चांगलं टिकतं. हळदीच्या शेतात ते पानांआड दडलेलं असतं म्हणून फारसं कुणाच्या नजरेला पडत नाही.

नवरात्र ते दिवाळी झेंडू, शेवंती आणि अष्टर यांचं राज्य असतं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. याच सुमारास भाताच्या लोंब्या तयार होतात. त्यांची जुडी झेंडूच्या बाजूला ठेवली की दोन्हींचे पिवळे किती वेगळे आहेत ते कळतं.

थंडी हा आमचा सुकाळ. ग्लॅडिओलस, गुलाब, डेलिया, जिप्सो, शेवंतीचे नाना प्रकार. शेवंती मुळात लहान दिवसांत कळी धरणारी, त्यामुळे तिचा खरा बहर थंडीतच. बोंडांसकट कापसाच्या फांद्या, मग माघ-फाल्गुनाकडे करडईची काटेरी फुलं, ज्वारीची कणसं, गव्हाच्या ओंब्या, बी धरायला आलेली शेपू आणि कोथिंबीर. करडई वाळली तरी तिचा केशरी रंग पुष्कळ टिकतो. तिचे काटे मात्र हाताला सांगून जातात, मोजे घालूनच हाताळायची.

माझ्या लग्नाची थीम फिकट गुलाबी आणि मोतिया आहे. पिंटरेस्टवरचे फोटो आहेत. तसंच करून द्याल?

फोटो जरूर पाठवा, त्यावरून तुमची आवड कळते. पण त्यातली फुलं बहुधा पिओनी, रानन्क्युलस, हायड्रेंजिया अशी थंड हवेतली असतात आणि तुमचं लग्न मे महिन्यात पुण्यात असतं. रंग जमवता येतो. फिकट गुलाबीसाठी देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि पॉलिहाउसमधला जर्बेरा, मोतिया रंगासाठी मोगरा, निशिगंध, तगर. फोटोतलं फूल हुबेहूब मात्र मिळणार नाही. आम्ही नेहमी विचारतो, की तुम्हाला रंग आवडलाय, आकार आवडलाय की त्या फोटोतला उजेड आवडलाय? बहुतेकांना उजेड आवडलेला असतो. त्यासाठी फुलं बदलण्याऐवजी मुहूर्त सकाळचा धरा.

निळा गुलाब, हिरवी शेवंती, इंद्रधनुषी ऑर्किड असं काही हवं असेल तर आमचा नकार. शेवंतीत हिरवी जात खरोखर आहे, ती मिळाली तर देऊ. पण दांडा रंगाच्या पाण्यात ठेवून किंवा स्प्रे मारून रंगवलेलं फूल आम्ही घेत नाही. त्याचं खतही करवत नाही.

फक्त देशी फुलंच वापरता का?

नाही, आणि तसा हट्ट धरला तर दसऱ्याला पंचाईत होईल. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. गुलबक्षी आणि देवळासमोरचा पांढरा चाफा हेसुद्धा अमेरिका खंडातून आलेले. ही फुलं इथल्या मातीत, इथल्या देवघरात इतकी रुजली आहेत, की त्यांना परकं म्हणायला जीभ वळत नाही. आम्ही बघतो ते एवढंच: हे फूल या दिवसांत जवळपास कुठे पिकतं का, ते इथवर कसं आलं, आणि सुकल्यावर त्याचं काय होणार.

म्हणजे परदेशातून आलेलं फूल नेहमी वाईट?

इतकं सरळ नाही ते. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००७ मध्ये एक हिशोब मांडला होता. बारा हजार गुलाब केनियात पिकवून विमानाने इंग्लंडला न्यायचे तर साधारण २,२०० किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि तेवढेच गुलाब हॉलंडच्या तापवलेल्या काचघरात पिकवले तर सुमारे ३५,००० किलो. अंतर कमी, पण काचघर तापवायला वायू जाळावा लागतो. म्हणून 'जवळचं ते चांगलं' एवढ्यावर भागत नाही, कसं पिकवलं तेही विचारावं लागतं.

आपल्याकडे नशीब चांगलं आहे. तळेगाव आणि मावळ पट्ट्यातल्या पॉलिहाउसमध्ये गुलाब होतो आणि इथल्या हवेत तो तापवावा लागत नाही. याच भागातून व्हॅलेंटाइन डेच्या सुमाराला गुलाब परदेशी जातो. तेव्हा फेब्रुवारीत इथे गुलाब महाग झाला तर नवल वाटून घेऊ नका.

तुमची फुलं सेंद्रिय असतात का?

बहुतेक नसतात. पॉलिहाउसमधल्या गुलाबावर आणि जर्बेऱ्यावर फवारण्या होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही काही शेतकऱ्यांकडून थेट माल घेतो, त्यातले काही फवारणी अगदी कमी करतात, पण 'सेंद्रिय' असं आम्ही लिहून देत नाही. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. बुकेतल्या गुलाबाच्या पाकळ्या बासुंदीवर किंवा केकवर पसरू नका. खाण्यासाठी पाकळ्या हव्या असतील तर आधी सांगा, त्या वेगळ्या ठिकाणून आणतो.

रानफुलं आणता का? कासच्या पठारावरची फुलं किती सुंदर असतात!

असतात, आणि ती तिथेच बघायची. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथलं फूल तोडायला मनाई आहे. नियम नसता तरी आम्ही तोडलं नसतं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, एकदाच बी धरते आणि मरते. तिची फुललेली फांदी फुलदाणीसाठी कापायची म्हणजे पुढची पिढीच कापायची. वेताळ टेकडी असो की सिंहगडाचा पायथा, आम्ही रानातून काही आणत नाही.

याला एक अपवाद आहे, उपरं तण. घाणेरी, रानमोडी, टेकड्यांवर आणि महामार्गाच्या कडेला पसरलेला केशरी कॉसमॉस. शेतकरी आपल्या बांधावरून हे उपटत असतील तर आम्ही खुशाल घेतो. घाणेरीच्या वाळलेल्या फांद्यांचा सांगाडा मोठ्या रचनेला फार छान होतो. कॉसमॉस मात्र बी धरायच्या आत वापरतो आणि उरलेला खतात न टाकता जाळतो, नाहीतर आपणच त्याचा प्रसार करायचो. गाजरगवताला तर हातच लावत नाही, अंगावर पुरळ उठतं.

लग्नाचा मांडव फोम आणि थर्माकोलशिवाय होतो का?

होतो, फक्त क्रम बदलतो. नेहमीच्या पद्धतीत थर्माकोलचा किंवा लोखंडी जाळीचा पडदा उभारून त्यावर फुलं दाटीने टोचतात. आम्ही आधी बांबू आणि कामट्यांचा सांगाडा बांधतो, त्यावर वेल आणि पानांचा गालिचा चढवतो, कामिनी, आंब्याचे टाळे, अरेका पाम, नारळाच्या झावळ्या, आणि शेवटी जिथे नजर जाणार तिथेच फुलं लावतो: वधू-वरांच्या चेहऱ्याच्या उंचीला आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना. मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात फोटोतही न येणारी शेकड्यांनी फुलं लावण्यात काही हशील नाही.

झेंडूच्या माळा सुतात ओवतो, नायलॉनमध्ये नाही. माळकाम करणाऱ्या बायकांना नायलॉन आवडतो, कारण तो तुटत नाही आणि सुई भराभर जाते. सुताला वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून त्या कामाचा दरही आम्ही जास्त धरतो. माळ सुतात असली की सगळी माळच्या माळ खतात जाते, नायलॉन असला तर कुणीतरी बसून एकेक फूल सोडवावं लागतं. आणि ते कुणी करत नाही.

एक विनंती: फुलं लावायला सभागृह मुहूर्ताच्या आदल्या रात्रीपासून मिळेल असं बघा. पाण्यातली फुलं रात्रीच्या गारव्यात लावलेली असली की दुसऱ्या दिवशी दुपारच्या पंगतीपर्यंत ताजी राहतात.

हे सगळं महाग पडत असेल ना?

फुलांचा खर्च बहुधा कमी होतो, मजुरीचा वाढतो. एकूण रक्कम नेहमीच्या सजावटीच्या आसपासच येते. खर्च खरा वाढतो तो मुहूर्ताच्या गर्दीमुळे. एकाच तिथीला शहरात ढीगभर लग्नं असली की गुलटेकडीच्या फूलबाजारात निशिगंधाचा भाव आदल्या दिवशीच्या कितीतरी पट होतो. आमच्या कोटेशनमध्ये म्हणून फुलांची नावं नसतात, रंग आणि स्वरूप असतं. पहाटे बाजारात जे उत्तम आणि वाजवी मिळेल ते आम्ही घेतो. नावानिशी फूल हवं असेल तर त्या दिवशीचा भाव तुमचा.

गणपतीची एकवीस पत्री मिळेल का?

मिळेल, पण एकवीसची एकवीस मिळतीलच असं नाही. यादीतला देवदार पुण्याच्या आसपास उगवत नाही. तरी बाजारातल्या पत्रीच्या जुडीत एकवीस पानं मोजून भरलेली असतात, त्यात काय काय असतं ते त्या गणपतीलाच ठाऊक! आम्ही दूर्वा, शमी, आघाडा, बेल, मरवा, माका, तुळस, डाळिंब, जाई, हादगा, रुई अशी खात्रीची पत्री देतो आणि प्रत्येक जुडीला नावाची कागदी चिठ्ठी बांधतो. न मिळालेल्या पानाच्या जागी अक्षता वाहा, शास्त्राला ते चालतं. धोतरा आणि कण्हेर विषारी आहेत, पूजेनंतर मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तेरड्याच्या गौरी हव्या असतील तर मुळांसकट रोपं कुंडीत लावून देतो. विसर्जनाच्या दिवशी रोप परसात किंवा सोसायटीच्या बागेत लावता येतं. काही घरांत हे चालत नाही, पाण्यातच सोडावं लागतं. ज्याच्या त्याच्या घरची रीत, आम्ही त्यावर वाद घालत नाही.

डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने आणि गजरे करता?

करतो, आणि आमच्याकडचं हे सगळ्यात नाजूक काम. वाडी, म्हणजे फुलांच्या दागिन्यांचा संच, भरायला मोगऱ्याच्या घट्ट कळ्या, अबोली, शेवंतीच्या पाकळ्या आणि मरव्याची पानं घेतो. बाजारात मिळणाऱ्या तयार वाडीत बरेचदा खालचा सांगाडा पुठ्ठा, गोंद आणि जरीच्या पट्टीचा असतो. आम्ही केळीच्या वाळवलेल्या सोपटाचे धागे काढून त्यातच गुंफतो, कोकण-गोव्यात अबोलीची वेणी विणतात तसं. सोपटाचा धागा आधी ओला करायचा, लवचीक झाला की दोन फुलं समोरासमोर धरून त्यांच्या देठांवर वेढा द्यायचा, आणि मग पुढची दोन. सुई लागत नाही, फुलाला भोक पडत नाही, म्हणून ते जास्त वेळ ताजं राहतं. शिवाय तो धागा मानेला टोचत नाही, गरोदर बाईला दोन तास अंगावर वागवायचं असतं ते.

गोव्यात २४ जूनला सांजांवच्या दिवशी पानाफुलांचे, कधी फळांचेही कोपेल डोक्यावर घालून माणसं विहिरीत उड्या मारतात. लहान मुलांच्या वाढदिवसाला तसे मुकुट आमच्याकडून बरेच जातात. विहिरीची जबाबदारी आमची नाही.

घरी आणलेली फुलं जास्त दिवस कशी टिकवायची?

भांडं घासून घ्या. नुसतं विसळून चालत नाही, आतल्या बुळबुळीत थरात जिवाणू असतात आणि तेच दांड्याची तोंडं बुजवतात. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढून टाका. दांडा धारदार सुरीने तिरपा कापा, जमल्यास पाण्यात धरूनच, म्हणजे आत हवा शिरत नाही. पाणी रोज बदला. यापलीकडे हवंच असेल तर लिटरभर पाण्यात एक चमचा साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-चार थेंब. पण पाणी रोज बदलणाऱ्याला याची गरज पडत नाही.

फुलाफुलांत फरक आहे. गुलाबाला खोल पाणी आवडतं, जर्बेऱ्याला दोन बोटं पुरे, त्याचा दांडा जास्त पाण्यात कुजतो. निशिगंध खालून वर उमलत जातो, खालची सुकलेली फुलं खुडत राहा. पांढरा चाफा कापल्यावर चीक गळतो, तो थांबेपर्यंत वेगळा ठेवा. जास्वंद पाण्यात ठेवा नाहीतर टेबलावर, तिचं आयुष्य एका दिवसाचंच. प्राजक्ताला तर फुलदाणी नकोच. पहाटे वेचून पाण्याच्या थाळीत ठेवा, दुपारपर्यंत साथ देतो. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही, कपाटात ठेवा.

आणि फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. पिकणारी केळी आणि आंबे इथिलीन वायू सोडतात, त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. आंब्याच्या दिवसांत 'तुमची फुलं टिकली नाहीत' अशी तक्रार आली की आम्ही पहिला प्रश्न आढीबद्दल विचारतो.

प्लास्टिकची फुलं वर्षानुवर्षं वापरता येतात. मग तीच पर्यावरणाला बरी नाहीत का?

वापरता येतात, पण वापरतं कोण? धूळ बसते, उन्हाने रंग विटतो आणि दोन गणपतींनंतर ती कचऱ्यात जातात. खत होत नाही, भंगारवाला घेत नाही. दुसरी बाजू शेतकऱ्याची. ऐन सणात झेंडूला भाव मिळाला नाही की तो रस्त्याच्या कडेला ओतून द्यावा लागतो, आणि त्याच वेळी शेजारच्या दुकानात प्लास्टिकच्या झेंडूची तोरणं लटकत असतात. कृत्रिम फुलांवर बंदी आणा ही फूलउत्पादकांची मागणी म्हणूनच आहे. टिकाऊ काही हवंच असेल तर वाळलेल्या कणसांचं, कापसाच्या बोंडांचं, गवतांचं तोरण करून देतो. कोरड्या जागी ते वर्षभर सहज राहतं. पावसाळ्यात बुरशी धरतं, तेव्हा काढून ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर फुलांचं काय करता?

सगळं परत नेतो, ते दरातच धरलेलं असतं. टिकाऊ फुलं तुम्हाला हवी असतील तर छोट्या जुड्या बांधून पाहुण्यांना देतो. बाकीचं सूत-काथ्यासकट खतात. झेंडू आणि शेवंती लवकर कुजतात, गुलाबाचे दांडे वेळ घेतात, ते बारीक कातरून घालावे लागतात. खड्ड्यात नुसती फुलं घातली तर चिखल होतो आणि वास सुटतो, म्हणून वाळका पाला थरांमधे लागतोच. हेच तुमच्या घरच्या निर्माल्यालाही लागू. जाळी, बांबू, घंगाळं धुऊन पुढच्या कामाला.

घरात मांजर आहे, बाळ आहे. काही टाळावं का?

मांजर असेल तर लिली अजिबात नको, परागसुद्धा चाटला तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बाळ रांगतं असेल तर कण्हेर आणि कळलावी नको. कुणाला वासाने डोकं दुखत असेल तर बंद खोलीत निशिगंध ठेवू नका. ऑर्डर देताना एवढं सांगितलंत की पुरे, बाकी आम्ही बघतो.

परगावी किंवा परदेशी फुलं पाठवता का?

नाही. तुमच्या मुलीचं लग्न न्यू जर्सीत असेल तर तिथल्या ऋतूची फुलं तिथल्याच शेतकऱ्याकडून घ्या. मुंडावळ्या आणि वेणी कशी गुंफायची ते आम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवू, केळीच्या सोपटाऐवजी रॅफियाचा, म्हणजे एका ताडाच्या पानाचा, धागा चालतो.

शिकवता का?

महिन्यातून एका रविवारी सकाळी. सामान आमचं, सुरी तुमची. येताना घरातलं एखादं न वापरातलं भांडं आणा, तपेली, बरणी, फुटक्या कानाचा कप काहीही. त्यातच रचना करायची आणि घरी न्यायची.

ऑर्डर किती आधी द्यायची?

घरच्या फुलदाणीसाठी आदल्या दिवशी दुपारपर्यंत. लग्नासाठी दोन महिने, म्हणजे शेतकऱ्याला सांगून ठेवता येतं. गौरी-गणपतीची पत्री राखीपौर्णिमेपर्यंत नोंदवा, नंतर घेत नाही. तारीख ठरल्यावर अर्धी रक्कम आगाऊ. दुकान सकाळी आठ ते दुपारी एक उघडं असतं. दुपारनंतर माणसं साइटवर असतात, फोन उचलला नाही तर मेसेज टाका. सोमवारी बंद.